मातीतून गादीवर

आमच्या घरांत तालीम म्हणजे शिक्षण. मुलाची तालीम कुठवर झाली, असं पाहुणे विचारतात. बाहेर पश्चिम महाराष्ट्रात हाच अरबी शब्द आखाड्याचं नाव झाला. कुस्ती, पैलवान, पेच हे फारसीतून आले आणि उस्तादाचा वस्ताद झाला. ही भाषा कोणी ठरवून मिसळलेली नाही. एकाच हौद्यात घाम गाळता गाळता ती तशी झाली. म्हणून कुस्ती आमची की तुमची, असा वाद कोणी काढला की मला हसू येतं.

वाद घालायचाच तर दुसऱ्या गोष्टीवर घालावा. कुस्ती मातीतून गादीवर गेली, तेव्हा काय मिळालं आणि काय गेलं?

जत्रेतल्या फडाचा कायदा सोपा होता. पोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर, नारळावर. मग इनाम चढत जायचं आणि शेवटी मानाची कुस्ती. पंच जोड बघून लावत. निकाली कुस्तीला घड्याळ नसे. पाठ लागली की निकाल, आणि तो फडाच्या कडेला झाडावर बसलेल्या पोरालाही दिसे. 1910 साली लंडनमध्ये गामा पैलवान झिबिस्कोशी अडीच तासांहून अधिक झुंजला आणि निकाल लागला नाही. पुढे 1928 मध्ये पतियाळाला त्याच झिबिस्कोला त्याने एका मिनिटाच्या आत चीत केलं.

आजच्या फ्रीस्टाइलमध्ये तीन-तीन मिनिटांचे दोन डाव. ताबा घेतला की दोन गुण, वर्तुळाबाहेर ढकललं की एक. दहा गुणांची आघाडी मिळाली तर पाठ न लावताही कुस्ती संपते. हळद, ताक, लिंबू, तेल घालून मळलेल्या मातीत पाय रुततो. तिथे दम आणि ताकद पुरवून वापरावी लागते. गादीवर पाय हलता लागतो. समोरच्याने पट काढला हे कळेपर्यंत गुण गेलेले असतात. खाशाबा जाधव 1948 मध्ये लंडनला गेले तेव्हा त्यांना गादीची सवय नव्हती. तरी ते सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक मिळवलं.

गादीविरुद्ध बोलणारे एक विसरतात. खाशाबा बँटमवेट गटात लढले. वजनगट ही स्पर्धेची देणगी आहे. फडात मान धिप्पाड पैलवानाचा. हलक्या अंगाच्या पोराने कितीही चपळ डाव टाकले तरी मानाची कुस्ती त्याच्या वाट्याला क्वचितच यायची. आणि मुली? तालमीच्या उंबऱ्याच्या आत त्यांना जागाच नव्हती. 2023 मध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली, प्रतीक्षा बागडी. लाल मातीचे गोडवे गाणाऱ्यांनी याचा हिशेब आधी द्यावा.

गेलं ते मात्र खरंच गेलं. निकाल सगळ्यांना दिसत होता, तो आता पंचाच्या बोटांवर आणि कॅमेऱ्यात गेला. जानेवारी 2023 मध्ये पुण्याच्या महाराष्ट्र केसरीत सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड यांच्या लढतीत चार गुणांवरून केवढा गदारोळ झाला! डाव बसला की नाही, हा वाद होता. पण माझ्या मोबाइलवर येणारे संदेश दोन दिवसांत डाव सोडून आडनावांवर आले. आपल्यातलेही काही त्यात मागे नव्हते. त्याच वर्षी नोव्हेंबरात फुलगावला सिकंदरने शिवराज राक्षेला अर्ध्या मिनिटाच्या आत पाडलं आणि केसरी झाला, तेव्हा वादाला जागाच उरली नाही. मोहोळच्या हमालाचा हा मुलगा. त्याच्यासाठी टाळ्या वाजवणाऱ्या हातांनी आडनाव विचारलं नव्हतं.

महाराष्ट्र केसरीत अजून माती आणि गादी असे दोन विभाग आहेत, दोन्हींच्या विजेत्यांत शेवटची लढत होते. ही तडजोड मला पटते. पण अडचण खाली आहे. जत्रेतला पैसा मातीवर मिळतो. राष्ट्रीय पदक आणि त्यावर मिळणारी नोकरी गादीवर. गरीब घरचं पोर खुराकाच्या खर्चासाठी वीस-बावीस वर्षांचं होईपर्यंत मातीत लढतं आणि मग गादीवर उतरतं. तोवर हरियाणाचा पोरगा लहानपणापासून गादीवर घोटून तयार असतो. यात माती वाईट नाही. उशीर वाईट आहे.

आमच्याकडच्या एका तालमीला देणगीतून गादी मिळाली. ती हौद्याशेजारच्या खोलीत गुंडाळून ठेवलेली असते, मंत्री यायचे असले की पसरतात. वस्तादांना विचारलं तर म्हणाले, "शिकवणार कोण? मला माती येते." त्यांचं खरं आहे. गादीबरोबर महिन्यातून चार दिवस तरी एक प्रशिक्षक पाठवायला हवा होता. आणि संध्याकाळचा एक तास मुलींसाठी ठेवायला हवा. मोहल्ल्यातल्या दोन बापांनी मला तसं विचारलंही आहे.