शस्त्र कायदा, अर्धस्वयंचलित बंदुका आणि आपला जिल्हा

दि. 9 डिसेंबर 2024 रोजी जालन्याशेजारच्या बीड जिल्ह्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची निर्घृण हत्या झाली. ही हत्या गोळी झाडून झालेली नव्हती. तरीही त्यानंतरच्या काही आठवड्यांत महाराष्ट्रासमोर एक वेगळाच प्रश्न उभा राहिला. कमरेला पिस्तूल लावून फिरणाऱ्यांची, हवेत गोळ्या झाडणाऱ्यांची छायाचित्रे आणि चित्रफिती लोकांसमोर आल्या. एकट्या बीड जिल्ह्यात बाराशेहून अधिक शस्त्रपरवाने असल्याचे प्रसिद्ध झाले. प्रशासनाने परवान्यांची फेरतपासणी हाती घेतली आणि अनेक परवाने रद्द केले. शेजारी लागलेल्या आगीची धग आपल्या अंगणातही येते. म्हणूनच आपला कायदा कोणत्या बंदुकीला काय म्हणतो, कोणती बंदूक कोणाला देतो आणि कोणती देत नाही, हे जालना जिल्ह्यातील सुजाण नागरिकाने समजून घेणे अगत्याचे आहे.

कायदा कोणाचा?

भारतीय संविधानाच्या सातव्या अनुसूचीत ‘शस्त्रे, अग्निशस्त्रे, दारूगोळा व स्फोटके’ हा विषय संघसूचीत पाचव्या क्रमांकावर आहे. म्हणजे बंदुकीविषयी कायदा करण्याचा अधिकार संसदेचा आहे. अंमलबजावणी मात्र मुख्यतः जिल्ह्यात होते. जालन्यात पोलीस आयुक्तालय नाही. त्यामुळे साध्या शस्त्राचा परवाना जिल्हाधिकारी हे जिल्हादंडाधिकारी या नात्याने देतात. त्यापूर्वी पोलीस ठाण्याचा अहवाल मागवला जातो. अर्जदाराचे वय किमान 21 वर्षे असावे लागते.

या व्यवस्थेचे मूळ परकीय सत्तेत आहे. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीत 1878 साली झालेल्या शस्त्र कायद्याने भारतीयांवर परवान्याचे बंधन घातले आणि युरोपियनांना त्यातून मोकळे ठेवले. हा भेद आपल्या राष्ट्रीय नेत्यांना सदैव सलत राहिला. स्वातंत्र्यानंतर संसदेने शस्त्र अधिनियम, 1959 संमत केला. तो 1 ऑक्टोबर 1962 पासून लागू झाला. वर्णभेद गेला, परवाना राहिला. 1962 च्या नियमांची जागा पुढे शस्त्र नियम, 2016 यांनी घेतली.

वर्गवारीचे तत्त्व

कायद्याच्या दृष्टीने मुख्य प्रश्न असा की, एकदा चाप ओढल्यावर बंदूक काय करते? चाप दाबून धरला असता मॅगझीन रिकामे होईपर्यंत जी गोळ्या झाडत राहते, ती स्वयंचलित बंदूक. अधिनियमाच्या कलम 2 मध्ये तिला ‘निषिद्ध शस्त्र’ म्हटले आहे. कलम 7 नुसार केंद्र सरकारच्या विशेष अधिकारपत्राशिवाय ती कोणालाही बाळगता येत नाही. ए.के. 47 सारखी रायफल या वर्गात मोडते.

अर्धस्वयंचलित बंदूक प्रत्येक वेळी चाप ओढल्यावर एकच गोळी झाडते. परंतु पुढचे काडतूस ती आपोआप नळीत भरते. झाडणाऱ्याला फक्त पुन्हा चाप ओढायचा असतो. दिसायला हा फरक लहान आहे. पण गर्दीच्या ठिकाणी एका मिनिटात किती माणसे मारली जाऊ शकतात, हे या फरकावरच ठरते. आपल्या नियमांनी म्हणूनच अर्धस्वयंचलित बंदुका, पिस्तुलांसारखे काही अपवाद वगळून, ‘निर्बंधित’ वर्गात घातल्या आहेत. 20 इंचांपेक्षा आखूड नळीच्या गुळगुळीत बंदुकाही याच वर्गात येतात. तसेच सैन्याची .303 किंवा 7.62 मि.मी. काडतुसे चालतील अशा रायफली आणि सैनिकी 9 मि.मी. काडतूस चालेल अशी पिस्तुलेही त्यात येतात. त्यांचा परवाना जिल्हाधिकारी देऊ शकत नाहीत. अर्ज जिल्हादंडाधिकारी व राज्य शासन यांच्या शिफारशीसह केंद्रीय गृहमंत्रालयाकडे जातो आणि जिवाला गंभीर धोका असल्याचे दाखवून द्यावे लागते.

उरलेल्या शस्त्रांचा वर्ग ‘अनुज्ञेय’. .32 बोअरचे रिव्हॉल्व्हर वा पिस्तूल, .315 बोअरची रायफल, बारा बोअरची बंदूक, ठासणीची बंदूक ही यातली परिचित नावे. सरकारी आयुध निर्माणींनी नागरिकांसाठी नेमकी .32 आणि .315 हीच मापे का घडवली, याचे उत्तर वरील वर्गवारीत मिळते. सैन्याचे काडतूस नागरिकाच्या बंदुकीत चालू नये, हा त्यामागचा जुना हेतू आहे.

येथे एक विसंगती ध्यानात घ्यावी. .32 बोअरचे मॅगझीनवाले पिस्तूलही यंत्ररचनेने अर्धस्वयंचलितच असते. तरी ते अनुज्ञेय वर्गात आहे. याचा अर्थ कायदा केवळ यंत्र पाहत नाही. शस्त्राचा आकार, काडतुसाचे बळ आणि सैनिकी उपयोग यांचाही विचार करतो.

2019 ची सुधारणा

14 डिसेंबर 2019 पासून लागू झालेल्या सुधारणेने एका व्यक्तीजवळच्या शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. नेमबाज खेळाडूंसाठी वेगळी तरतूद आहे. परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे झाली. विनापरवाना साधे अग्निशस्त्र बाळगल्यास 2 ते 5 वर्षे आणि निषिद्ध शस्त्र बाळगल्यास 7 ते 14 वर्षे कारावासाची शिक्षा ठरली. लग्नात, वरातीत वा विजयाच्या मिरवणुकीत गोळी झाडणे हा स्वतंत्र गुन्हा झाला. त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

कठोरतेलाही मर्यादा असते. निषिद्ध शस्त्राच्या वापराने मृत्यू घडल्यास फाशीच अनिवार्य करणारे कलम 27(3) सर्वोच्च न्यायालयाने 2012 साली पंजाब राज्य विरुद्ध दलबीर सिंग या खटल्यात घटनाबाह्य ठरवले. न्यायाधीशाला परिस्थिती पाहण्यास वावच न ठेवणारी शिक्षा न्याय्य नव्हे, हा त्यामागचा विचार आहे.

मोठ्या नावालाही हा कायदा सोडत नाही, याचे उदाहरण मुंबईत घडले. अभिनेते संजय दत्त यांना विनापरवाना ए.के. 56 रायफल व पिस्तूल बाळगल्याबद्दल शस्त्र कायद्याखाली झालेली सहा वर्षांची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2013 मध्ये पाच वर्षांची केली आणि ती त्यांना भोगावी लागली. आपल्या मराठवाड्यानेही मे 2006 मध्ये औरंगाबाद शस्त्रसाठा प्रकरण पाहिले. त्यात ए.के. 47 रायफली, आरडीएक्स आणि हजारो काडतुसे पकडली गेली. ऑगस्ट 2016 मध्ये विशेष न्यायालयाने त्यात जन्मठेपेच्या शिक्षा सुनावल्या.

अमेरिकेतील चित्र

आपल्यातील अनेक कुटुंबांची मुले अमेरिकेत आहेत. तिथल्या शाळांतील गोळीबाराच्या वार्तांनी येथील आजी-आजोबांची झोप उडते. तेथे बंदूक बाळगणे हा घटनादत्त हक्क मानला जातो आणि निर्बंध बऱ्याच अंशी प्रत्येक राज्य ठरवते. जानेवारी 1989 मध्ये स्टॉकटन येथील शाळेत पाच बालके मारली गेल्यावर कॅलिफोर्नियाने त्याच वर्षी काही अर्धस्वयंचलित बंदुकांवर पहिली राज्यबंदी घातली. 1994 ची देशव्यापी बंदी दहा वर्षांनी, 2004 साली, मुदत संपून गेली. डिसेंबर 2012 मध्ये सँडी हूक शाळेत 20 मुले व 6 प्रौढ मृत्युमुखी पडल्यावर न्यूयॉर्क व कनेक्टिकट यांनी आपले कायदे कडक केले. इलिनॉय आणि वॉशिंग्टन यांनी 2023 मध्ये बंदी आणली. अनेक राज्यांत मात्र अशी बंदी नाही.

या कायद्यांची अडचण व्याख्येत आहे. सुटे मॅगझीन, पिस्तुलासारखी मूठ, घडी होणारा दस्ता अशा बाह्य लक्षणांवर बंदी घातली, तर कारखानदार एखादे लक्षण बदलून तीच बंदूक पुन्हा बाजारात आणतो. न्यूझीलंडने मार्च 2019 मध्ये क्राइस्टचर्चच्या मशिदींत 51 भाविकांची हत्या झाल्यावर बहुतांश अर्धस्वयंचलित बंदुका सरसकट बंद केल्या. आपली वर्गवारी त्या मानाने जुनी व सरळ आहे. पोप फ्रान्सिस यांनी सप्टेंबर 2015 मध्ये अमेरिकी काँग्रेससमोर शस्त्रविक्रीमागील पैशाच्या लोभावर नेमके बोट ठेवले होते. त्याचे स्मरण येथे व्हावे.

जिल्ह्यापुढील खरा प्रश्न

कागदावर कायदा भक्कम आहे. भगदाड आहे ते दोन ठिकाणी. पहिले, गावठी पिस्तूल. देशात बंदुकीने होणाऱ्या बहुतेक हत्या परवाना नसलेल्या शस्त्रांनीच होतात. मध्य प्रदेशाच्या बडवानी जिल्ह्यातील, आपल्या चोपडा तालुक्याच्या सीमेवरील उमर्टी गाव या व्यवसायासाठी कुप्रसिद्ध झाले आहे. तेथे बनणाऱ्या मॅगझीनच्या पिस्तुलाला कोणत्याही वर्गवारीची पर्वा नसते. केवळ धाडी घालून हे थांबणार नाही. पिढ्यानपिढ्या लोहारकाम करणाऱ्या हातांना सन्मानाचे दुसरे काम मिळाले पाहिजे.

दुसरे, प्रतिष्ठेसाठी मागितलेला परवाना. भोकरदन, जाफराबाद वा मंठ्याच्या शेतकऱ्याला रानडुकरे आणि रोही यांचा उपद्रव खराच आहे. पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीची तरतूद कायद्यात आहे. मात्र तिने वनविभागाच्या परवानगीशिवाय वन्यप्राणी मारता येत नाही. या शेतकऱ्याची गरज आणि गाडीच्या काचेतून पिस्तूल दाखवणाऱ्याची हौस एकाच तराजूत तोलता येणार नाहीत. निवडणुकीच्या काळात शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करून घेतली जातात आणि परवान्यांची छाननी होते. ही छाननी पाच वर्षांतून एकदाच का व्हावी? ज्याच्यावर गंभीर गुन्हे दाखल आहेत, ज्याचा धोका टळला आहे, त्याच्या परवान्याचा दरवर्षी फेरविचार व्हावा आणि तालुकावार परवान्यांची संख्या जनतेसमोर यावी.

बंदुकीचा परवाना ही अपवादाने दिलेली सवलत आहे, मानाचा बिल्ला नव्हे, हे समाजाने मान्य केल्याशिवाय कायदा एकटा पुरा पडणार नाही. लग्नपत्रिका छापताना आणि वरात ठरवताना घरातील वडीलधाऱ्यांनी एवढे सांगितले की आपल्या दारी गोळी झाडली जाणार नाही, तरी पुष्कळ साधेल.