शिकलगाराची कानस

१७ सप्टेंबर २०२३ रोजी पंतप्रधान विश्वकर्मा योजना सुरू झाली, तेव्हा तिच्या यादीत १८ व्यवसाय होते. सुतार, लोहार, कुंभार, गवंडी, चर्मकार, शिंपी, न्हावी, मासेमारीची जाळी विणणारे, होड्या बांधणारे. शस्त्रं घडवणारे कारागीरही त्यात होते. वाद्यं घडवणारे मात्र नव्हते.

मी मिरजेत राहतो. इथल्या सतारमेकर घराण्यांचे पूर्वज शिकलगार होते. संस्थानच्या तलवारी, भाले, कट्यारी यांना धार लावणं आणि मोडलेलं हत्यार दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा. म्हणजे दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी मिरजेत तलवार परजणाऱ्या माणसाला आजच्या सरकारी यादीत जागा आहे आणि त्याच हाताचा वारसा घेऊन तंबोरा करणाऱ्या त्याच्या वंशजाला ती नाही. यादी करणाऱ्यांच्या हेतूबद्दल माझी तक्रार नाही. पंधरा हजारांची अवजारं, पाच टक्क्यांनी कर्ज, प्रशिक्षणाच्या दिवसांचा भत्ता, हे सगळं गरजू माणसाच्या कामाचं आहे. माझं म्हणणं वेगळं आहे. हुन्नर एका धंद्यातून दुसऱ्या धंद्यात जातो, आणि जाताना काहीतरी नवं घडतं. आपल्या याद्या, आपले अभ्यासक्रम आणि आपली प्रमाणपत्रं यांना हे जाणं दिसत नाही. त्यांना धंदा दिसतो, हात दिसत नाही.

मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत फिटर ट्रेडचा शिल्प निदेशक होतो, त्यामुळे हातांकडे बघण्यात माझा जन्म गेला. फिटरच्या मुलाला सुरुवातीला कानसच देतात. माइल्ड स्टीलचा तुकडा व्हाइसमध्ये आवळायचा आणि घासायचा. घासून झालं की गुण्या लावून उजेडाकडे धरायचा. पात्याखालून उजेडाची फट दिसली की पुन्हा व्हाइसमध्ये. मुलं वैतागतात, तळहाताला फोड येतात. बहुतेकांचा हात झुलतो, म्हणजे कानस पुढे जाताना आधी एका टोकाला दबते आणि मग दुसऱ्या, आणि तुकडा मधे फुगतो. हा फुगवटा घालवणं हेच आमचं पहिलं शिक्षण.

हे सांगितलं, कारण जवारी काय असते ते यावरून नेमकं कळतं. सतारीच्या किंवा तंबोऱ्याच्या भोपळ्यावर जी तबली असते, तिच्यावर घोडी बसवतात आणि तारा तिच्यावरून जातात. ही घोडी व्हायोलिनच्या घोडीसारखी उभी, धारेची नसते. ती रुंद आणि आडवी असते, आणि तिची पाठ अगदी किंचित उतरती, फुगीर असते. तार छेडली की ती या उताराला हलकेच घासत थरथरते. त्या घासण्यातून वरचे स्वर उमलतात, आणि तंबोऱ्याचा तो भरलेला, गुंजणारा नाद तयार होतो. घोडीचा हा उतार साधणं म्हणजे जवारी काढणं. उतार जरा जास्त झाला तर नाद कोरडा पडतो, कमी झाला तर तार खडखडते. तंबोऱ्यात तारेखाली सुताचा धागा सरकवून तो नाद जागेवर आणतात, पण घोडीची पाठच बिघडलेली असेल तर धागा काही करू शकत नाही.

म्हणजे फिटरच्या वर्गात जो फुगवटा आम्ही चूक म्हणून घालवायला शिकवतो, तोच फुगवटा जवारी काढणारा कारागीर ठरवून, मोजून, हवा तेवढाच आणतो. आणि मोजतो कानानं. त्याच्या हाताशी गुण्या नसतो. दोन-चार हात कानस फिरवायची, तार चढवायची, छेडायची, ऐकायची, तार उतरवायची, पुन्हा कानस. चार तारांपैकी प्रत्येकीची जागा वेगळी, जाडी वेगळी. खर्जाची पितळी तार वेगळं मागते, जोडाच्या पोलादी तारा वेगळं. मिलिमीटरच्या शतांशात काम करणाऱ्या यंत्रांवर मी मुलं तयार केली आहेत. जवारीइतकं अवघड कानसकाम मी दुसरं पाहिलेलं नाही.

ही कानस मिरजेत आली कुठून? एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात इंग्रजांचं राज्य घट्ट झालं, संस्थानांच्या फौजा नावापुरत्या उरल्या, आणि शिकलगारांच्या भात्याला काम उरलं नाही. मिरजेच्या पटवर्धनांच्या दरबारात गाणं-बजावणं होतं. गवयांची वाद्यं उत्तरेतून येत, आणि बिघडली की दुरुस्त करायला जवळपास कोणी नसे. हे काम फरीदसाहेब शिकलगारांकडे आलं. धातू घासणं, तार ओढणं, पोलाद ओळखणं या गोष्टी त्यांच्या हातात होत्या. लाकूड, भोपळा आणि नाद त्यांना नवे होते. दुरुस्ती करता करता त्यांनी वाद्य उलगडलं आणि मग स्वतः करायला घेतलं. पुढच्या पिढ्यांत मिरजेची सतार आणि तंबोरा सगळ्या देशात गेला. सतारमेकर हे आडनाव झालं, गल्लीलाही तेच नाव पडलं.

भोपळ्याचीही एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर या उद्योगाचा पसारा ध्यानात येत नाही. हा भोपळा खायचा नाही, कडू असतो. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला, भीमेच्या काठी शेतकरी तो मुद्दाम पिकवतात. वाळलेला भोपळा कारागीर तोंडाशी कापतो, पाण्यात भिजवून मऊ करतो, आत काड्यांचा ताण देऊन हवा तो घेर आणतो आणि पुन्हा वाळवतो. त्याला तुणीच्या लाकडाचा गळा आणि पोकळ दांडी जोडायची, सरस लावायचा, तबली बसवायची, पानं कोरायची, लाखेचं पॉलिश चढवायचं. भीमाकाठचा शेतकरी, कोरीव काम करणारा, पॉलिशवाला आणि शेवटी जवारी काढणारा, असे कितीतरी हात एका तंबोऱ्यात असतात. यातला एक हात कमी झाला तरी वाद्य अडतं.

आणि हा धंदा जुन्या पद्धतीला चिकटून बसलेला आहे, असं कोणी समजू नये. पूर्वी घोडीला सांबरशिंग वापरत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ते गेलं. मग उंटाचं हाड आलं, शिसवी लाकूड आलं, कृत्रिम पदार्थ आले. प्रत्येक पदार्थाचा कठीणपणा निराळा, म्हणून प्रत्येकाची जवारी नव्यानं शोधावी लागली. गवयांचे दौरे वाढले तेव्हा प्रवासाला सोयीच्या छोट्या तंबोऱ्या झाल्या. हे संशोधन कुठल्या प्रयोगशाळेत झालं नाही. म्हणून त्याला संशोधन कोणी म्हटलं नाही, आणि मला याचं खरंच वाईट वाटतं.

हाताचं असं धंदा ओलांडणं आमच्या या भागाला नवं नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले. रंग ओळखण्यात अडचण येते असं कळलं तेव्हा ते यांत्रिक ड्रॉइंगकडे वळले आणि पुढे ते शिकवूही लागले. बेळगावात त्यांनी सायकलींचं दुकान काढलं, मग कडबा कापायची यंत्रं केली, आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर. लोखंडानं जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, त्यामुळे सुरुवातीला नांगर खपेनात. तरी ते थांबले नाहीत. १९१० मध्ये औंधच्या राजांनी कुंडल रोड स्टेशनाजवळचा माळ दिला आणि तिथं किर्लोस्करवाडी उभी राहिली. आज मिरजेहून पुण्याच्या गाडीत बसलं की वाटेत किर्लोस्करवाडी स्टेशन लागतं.

कोल्हापुरात बाबूराव मेस्त्री आणि त्यांचे चुलत भाऊ आनंदराव नाटकांचे पडदे रंगवत. लोक त्यांना पेंटर म्हणत. दादासाहेब फाळक्यांचा चित्रपट पाहिल्यावर दोघांनी प्रोजेक्टर मिळवला, तो समजून घेतला आणि स्वतःचा कॅमेरा करायला घेतला. १९१६ मध्ये आनंदराव गेले. बाबूरावांनी काम सोडलं नाही, १९१८ च्या सुमारास कॅमेरा पुरा केला आणि १९२० मध्ये त्यांचा 'सैरंध्री' हा चित्रपट आला. दामले, फत्तेलाल, शांताराम ही माणसं बाबूरावांच्याच हाताखाली घडली, आणि १९२९ मध्ये त्यांनी प्रभात फिल्म कंपनी काढली. चित्रकलेची परीक्षा, कॅमेरा दुरुस्तीचं प्रमाणपत्र, लेथचा ट्रेड अशी खिडकी-खिडकी करत ही माणसं गेली असती, तर कुठल्या तरी खिडकीवर अडली असती.

सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. निवृत्तीनंतर त्यांनी श्रुतींची मोजणी सुरू केली आणि १९१० मध्ये बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक छापलं. साताऱ्याचे इंग्रज न्यायाधीश क्लेमेंट्स आणि गायक अब्दुल करीम खाँ त्यांच्याबरोबर होते. एक महसूल अधिकारी, एक न्यायाधीश आणि एक गवई एकत्र बसून तारेची लांबी मोजत होते, श्रुतींची हार्मोनियम करवून घेत होते. त्यांच्या निष्कर्षांवर वाद झाले आणि अजून होतात. पण कोणी कुठलं काम करायचं याच्या भिंती त्यांनी मानल्या नाहीत, हे मला फार मोठं वाटतं. खाँसाहेब पुढे मिरजेतच राहिले, आणि त्यांच्या स्मृतीचा संगीत महोत्सव इथल्या दर्ग्यात दरवर्षी होतो.

इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्यानं मिरजेचं काम कमी केलं, ही तक्रार गल्लीत नेहमी ऐकू येते, आणि ती खरी आहे. पण तो करणारे बंगळुरूचे जी. राज नारायण हे अभियंते आणि बासरीवादक. १९७९ च्या सुमारास त्यांनीही एका विद्येतलं कौशल्य दुसरीत नेलं. पहाटे एकट्यानं रियाज करणाऱ्या विद्यार्थ्याला त्याचा मोठा आधार झाला. मी त्याला नावं ठेवणार नाही. मात्र ज्या क्लासमध्ये दहा-वीस मुलं गाणं शिकतात, तिथं एकही खरा तंबोरा नसावा हे मला पटत नाही. नाद घडताना ज्यानं ऐकलाच नाही, त्याला जवारी बिघडली हे कळणार कसं? आणि ऐकणारे कान कमी झाले की कानस धरणारा हात कोणासाठी टिकेल?

माझ्या वर्गात सतारमेकर घरातला एक मुलगा होता. कानस त्याच्या हातात पहिल्याच दिवशी स्थिर होती. सपाट सांगितलं तर सपाट, आणि घरी काकांच्या शेजारी बसला की हवा तेवढा उतार. दोन्ही त्याला येत होतं. त्यानं फिटरचं प्रमाणपत्र घेतलं आणि तो आता एमआयडीसीत सीएनसी मशीन चालवतो. पगार बरा आहे, महिन्याच्या महिन्याला येतो, आणि त्याचा निर्णय योग्य आहे. माझं दुःख एवढंच की त्याच्या दुसऱ्या विद्येसाठी आमच्या संस्थेत एक रकाना नव्हता. त्याच्या काकांना एक तास शिकवायला बोलवावं असं मी सुचवलं, तर त्यांची शैक्षणिक पात्रता विचारली गेली. नियमाप्रमाणे ते बरोबर होतं. ज्याच्याकडून निदेशकांनीच कानसकाम शिकावं, तो माणूस निदेशकांच्या खुर्चीत बसू शकत नाही, असा तो नियम आहे.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आनंद झाला. दुसरीकडे झालेल्या वाद्यावर मिरजेचं नाव आता सहजासहजी लावता येणार नाही. पण मानांकन नावाची राखण करतं, हात तयार करत नाही. जवारी शिकायला वर्षं लागतात आणि त्या वर्षांत शिकणाऱ्या पोराच्या घरी चूल पेटली पाहिजे. गिरणीत, फाउंड्रीत शिकाऊ उमेदवाराला कायद्यानं विद्यावेतन मिळतं. सतारमेकरच्या दुकानात बसणाऱ्या पोरालाही ते मिळायला हवं, आणि त्याच कायद्याखाली मिळायला हवं.

गवयांनाही माझी विनंती आहे. जवारी काढून घेताना पैशांची घासाघीस करू नका. दोन तास कानस फिरवणाऱ्याच्या कामाची किंमत गाडीच्या सर्व्हिसिंगपेक्षा कमी कशी असेल?

आणि सरकारला जे मागायचं ते फार खर्चाचं नाही. विश्वकर्माच्या यादीत वाद्यकारागीर घाला. मिरजेतल्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत वाद्यनिर्मितीचा ट्रेड सुरू करा, आणि त्याच्या निदेशकाची पात्रता ठरवताना त्यानं केलेलं वाद्य वाजवून पाहा. ट्रेड मंजूर व्हायला वेळ लागेल, तोवर एक गोष्ट उद्यापासून करता येईल. संध्याकाळी वर्कशॉपला कुलूप लागतं आणि लेथ, ड्रिलिंग मशीन, व्हाइसच्या रांगा सकाळपर्यंत नुसत्या उभ्या असतात. खुंट्या कातायला, घोडीचे पदार्थ तपासायला, तारदानाचे भाग करायला सतारमेकरांना याच यंत्रांची गरज असते. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी त्यांच्यासाठी वर्कशॉप उघडं ठेवा, आणि फिटरच्या मुलांपैकी ज्याला थांबायचं असेल त्याला थांबू द्या. किल्ली सांभाळायला आणि मशीनवर लक्ष ठेवायला मी यायला तयार आहे, मानधन नको. अर्ज मी दिला आहे.