१ जूनचे वाढदिवस

जुन्नर-आंबेगाव परिसरातील ज्येष्ठांची आधारपत्रे काढून पाहा. त्यांतील अनेकांचा जन्म १ जून रोजीच झालेला आढळेल. जन्मतारीख ठाऊक नसली, की गुरुजी अंदाजाने वर्ष धरीत आणि १ जून लिहून मोकळे होत. जी आजी शाळेतच गेली नाही, तिचे वय बाहत्तरच्या दुष्काळावरून किंवा कोयनेच्या भूकंपावरून ताडावे लागते. वाचकहो, 'आता वय झाले, शस्त्रक्रिया कशाला?' असे आपण ज्या आकड्यावरून ठरवितो, तो मुळात असा आलेला असू शकतो.

आकडा अचूक असला, तरी तो केवळ लोटलेली वर्षे सांगतो. स्नायू, रक्तवाहिन्या, मूत्रपिंडे किती झिजली, हे जैविक वयावरून कळते. २०१३ मध्ये स्टीव्ह होर्वाथ या शास्त्रज्ञाने डीएनएवरील ३५३ ठिकाणच्या रासायनिक खुणांवरून वय ओळखण्याची पद्धत मांडली. अशा चाचण्या आता विकतही मिळतात. परंतु आईच्या उपचारांचा निर्णय त्यांवर सोपवावा, इतक्या त्या अद्याप पक्व नाहीत. ते पैसे मोतीबिंदूसाठी राखावेत, हे उत्तम.

घरातील खुर्ची अधिक उपयोगी. ती भिंतीला टेकवावी, शेजारी कोणी उभे राहावे, आणि ज्येष्ठांनी हातांची छातीशी घडी घालून पाच वेळा उठावे-बसावे. आशियाई तज्ज्ञांच्या २०१९ च्या निकषांनुसार यास १२ सेकंद वा अधिक लागल्यास शारीरिक क्षमता घटल्याचे मानतात. नेहमीच्या चालीने सहा मीटर चालण्यास सहा सेकंदांहून अधिक लागल्यासही तेच. अशा वेळी डॉक्टरांना दाखवावे.

पश्चिम आंबेगावात हिरडा वेचणारी सत्तरीची स्त्री या परीक्षेत सहज उतरेल, आणि अनियंत्रित मधुमेह असलेला पंचावन्नचा गृहस्थ लेण्याद्रीच्या पायऱ्यांवर निम्म्यातच दम खाईल. तथापि कष्ट म्हणजे व्यायाम नव्हे. अपुऱ्या आहारावर उपसलेले कष्ट देहाला अकालीच म्हातारे करतात. शेजारच्या शिरूर तालुक्यातील वढू परिसरात पन्नाशीपुढील हजारो ग्रामस्थांची पाहणी झाली, तेव्हा स्त्रियांनी आणि कमी शिकलेल्यांनी आपली प्रकृती अधिक वाईट असल्याचे सांगितले होते.

हे सारे कसोटीला लागते ते खुब्याचे हाड मोडते तेव्हा. 'या वयात नको' म्हणून रुग्णाला खाटेवर ठेवले, तर शय्याव्रण, न्यूमोनिया, पायांतील रक्ताच्या गुठळ्या मागे लागतात. शस्त्रक्रियेचा धोकाही खोटा नाही. पण तो हृदय, फुप्फुसे, मूत्रपिंडे आणि पडण्यापूर्वीची हालचाल यांवरून जोखावयाचा असतो. म्हणून डॉक्टरांना केवळ 'ऐंशी वर्षे' एवढेच सांगू नका. मागील महिन्यात आजी कुठवर चालत होती, स्वतः स्नान करीत होती का, माणसे ओळखत होती का, जेवण किती होते, हे सांगा. खुर्चीच्या परीक्षेचे सेकंद आजच तारखेसह औषधांच्या फाइलीत लिहून ठेवा. तीन महिन्यांनी पुन्हा मोजा.