पडदा पडलाच पाहिजे

गेल्या महिन्यांत आमचा पुतण्या चार दिवसांच्या रजेवर बंगळूरहून घरीं आला, तो येतांना डोळ्यांवर चढवावयाचें एक यंत्र बरोबर घेऊन आला. दिसावयास तें पाणबुड्याच्या चष्म्यासारखें. तें चढविलें कीं भोंवतालची खोली नाहींशी होते आणि मान वळवावी तिकडे दुसरीच सृष्टि उभी राहते. ‘व्हर्च्युअल रिॲलिटी’ हें त्याचें रूढ नांव. आपण तीस आभासी सृष्टि म्हणूं.

माजघरांतील सतरंजीवर उभे राहून आम्हींहि तें लावून पाहिलें. क्षणार्धांत आम्ही एका गगनचुंबी इमारतीच्या टोंकाशीं येऊन पोहोंचलों. पुढें एक अरुंद फळी, खालीं मुंगीएवढ्या मोटारी. पायांखालीं सतरंजी आहे हें पक्कें ठाऊक असूनहि पाऊल उचलेना. पाय लटलटूं लागले, आणि घरांतील बालगोपाळांस हंसावयास आयतेंच निमित्त मिळालें.

यांतील युक्ति तशी जुनीच आहे. दोन डोळ्यांस किंचित् भिन्न अशीं दोन चित्रें दाखविलीं म्हणजे मन त्यांचें एकच भरीव दृश्य बनवितें, हें व्हीट्स्टन या इंग्रज शास्त्रज्ञानें १८३८ सालींच दाखवून दिलें होतें. पुढें १९६८ सालीं अमेरिकेंत आयव्हन सदरलँड यांनीं डोकें फिरेल तसें चित्रहि फिरविणारें यंत्र तयार केलें. तें इतकें जड होतें कीं छतास टांगून ठेवावें लागे. आज तेंच हातांत मावतें. त्याचा उपयोगहि केवळ करमणुकीचा नव्हे. १९९५ सालीं अमेरिकेंतील संशोधकांनीं अशाच यंत्राच्या साहाय्यानें उंचीस भिणाऱ्या मनुष्यांची भीति कमी करून दाखविली. रज्जुसर्पाचा दृष्टान्त आपल्या घरोघरीं ठाऊक आहे. सर्प खोटा खरा. परंतु त्यास पाहून सुटलेला घाम खोटा नसतो.

रात्रीं जेवणें आटोपल्यावर पुतण्यानें एक हकीकत सांगितली. दक्षिण कोरियांतील एका दूरचित्रवाणी संस्थेनें २०२० च्या फेब्रुवारींत एक माहितीपट दाखविला. एका मातेची सात वर्षांची मुलगी २०१६ सालीं दुखण्यानें गेली होती. त्या मुलीची आभासी मूर्ति कित्येक महिने खपून घडविण्यांत आली. मातेच्या डोळ्यांवर यंत्र, हातांत स्पर्शाचा भास करून देणारे मोजे. मुलगी धांवत आली, आई कोठें होती म्हणून विचारूं लागली. माता हात पुढें करून हुंदके देऊं लागली. शेवटीं मुलगी निजली, आणि तिच्या ठिकाणीं एक फुलपांखरूं तेवढें उडून गेलें. तो अनुभव आपणांस सुखाचा वाटला, असें त्या मातेनें मागाहून सांगितलें.

मग जरा थांबून तो आमच्या वडील वहिनींस म्हणाला, “काकू, काकांच्या आवाजाच्या फिती आहेत, लग्नकार्यांतील चित्रें आहेत. आतां त्यांनाहि असें बोलतेंचालतें करतां येईल.”

आमचे वडील बंधु जाऊन पांच वर्षें झालीं. माजघर एकदम शांत झालें. वहिनी वाती वळीत होत्या. त्यांचा हात थांबला नाहीं.

“मीं कांहीं विचारलें, तर उत्तर देतील का रे?”

“देतील. तशी व्यवस्था करतां येते.”

“तें उत्तर ह्यांचें असेल, कीं तुझ्या यंत्राचें?”

पुतण्या गप्प बसला.

“आणि परत जातील केव्हां?”

“तुम्ही म्हणाल तेव्हां. यंत्र काढलें कीं झालें.”

“म्हणजे दर वेळीं मींच त्यांना घालवावयाचें! एकदां झालें तेवढें पुरे आहे, बाळ.”

वहिनींचा हा निर्णय सर्वांनींच शिरोधार्य मानावा असें आमचें म्हणणें नाहीं. त्या कोरियन मातेच्या सुखास नांवें ठेवण्याचा अधिकारहि आम्हांस नाहीं. परंतु त्यांचा शेवटचा प्रश्न आमच्या मनांतून जात नाहीं. १९११ सालीं ‘मानापमान’ नाटकाच्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशींच बालगंधर्वांची मुलगी वारली. तरीहि ते भामिनी होऊन रंगभूमीवर उभे राहिले. तो भामिनीचा प्रसन्न चेहरा हा आभासच होता. पण पडदा पडला, प्रेक्षक आपापल्या घरीं गेले, आणि पिता आपल्या दुःखाकडे परतला. आभास आणि जीवित यांमधील रेषा चित्र हुबेहूब झाल्यानें पुसली जात नाहीं. पडदा पाडणारें कोणी उरलें नाहीं म्हणजे ती पुसली जाते. कोरियन कारागिरांनीं मुलीस निजविलें, हीच त्यांतील खरी माणुसकी. हवें तेव्हां, हवें तितका वेळ भेटणारें माणूस घरांत आणून ठेवलें असतें, तर त्या मातेस उठून आपल्या उरलेल्या संसाराकडे वळणें किती कठीण गेलें असतें!

आपल्या पूर्वजांनीं हें ओळखलें होतें. श्राद्धांत पितरांस आवाहन आहे, तसेंच विसर्जनहि आहे. तेव्हां हें यंत्र घरांत आणणाऱ्या वाचक-भगिनी-बंधूंस आमची एवढीच विनंति कीं, तें मुलांच्या डोळ्यांवर चढवितांना उतरावयाची वेळ आधीं ठरवावी. आणि गेलेल्या माणसास बोलवावयाचेंच झालें, तर त्याच्या तोंडीं त्यानें न बोललेले शब्द तरी घालूं नयेत.

निघण्याच्या आदल्या दिवशीं पुतण्यानें बंधूंची एक जुनी ध्वनिफीत शोधून काढली. तींत ते गवळ्याशीं दुधाच्या हिशेबावरून हुज्जत घालीत होते. आम्ही सर्व पोट धरून हंसलों. वहिनी पदरानें डोळे पुशीत हंसल्या. फीत संपली, तशा त्या कुकर लावावयास उठल्या.