ध्वजदिन निधी आणि पुलवामा

'ध्वजदिनाचा पैसा पुलवामाच्या घरांपर्यंत पोचला का?' हा पत्रलेखकाचा सवाल रास्त वाटतो, पण पत्ता चुकला आहे. १४ फेब्रुवारी २०१९ ला पुलवामाच्या हल्ल्यात आपल्या बुलढाणा जिल्ह्याचे दोन जवान गेले, ते केंद्रीय राखीव पोलीस दलाचे, म्हणजे गृहखात्याचे. ७ डिसेंबरच्या ध्वजदिनाचा निधी १९४९ पासून भूदल, नौदल, हवाई दलाच्या माजी सैनिकांसाठी व त्यांच्या कुटुंबांसाठी आहे. राखीव पोलिसांसारख्या निमलष्करी दलांसाठी २०१७ पासून 'भारत के वीर' हा वेगळा निधी आहे. गावात मात्र सगळे 'फौजी'च! पेन्शन नसलेल्या, पासष्टी उलटलेल्या माजी सैनिकाला ध्वजदिन निधीतून मदत मिळते. अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत. सोनाळ्याहून बुलढाण्याला जाण्यात त्या म्हाताऱ्याचा दिवस मोडतो, त्यावर लिहायला हवे होते.

– एक वाचक, सोनाळा (ता. संग्रामपूर)