दाढेवरच्या बँडखालची फट

वेडेवाकडे दात सरळ करण्यासाठी तार बसवली की तिचा ताण मागच्या दाढांवर येतो. त्यासाठी या दाढांभोवती अनेकदा स्टीलचे कडे, म्हणजे बँड, सिमेंटने चिकटवतात. उपचार साधारण दीड-दोन वर्षे चालतो. तेवढा काळ हे सिमेंट आतली जागा बंद ठेवते का, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. माजलगाव तालुक्यातल्या दिंद्रुडसारख्या गावात तो किरकोळ राहत नाही.

निळ्या प्रकाशाने घट्ट होणाऱ्या सिमेंटमुळे डॉक्टरांना बँड नीट बसवायला वेळ मिळतो आणि प्रकाश टाकताच काही सेकंदांत काम होते. पण धातूतून प्रकाश जात नाही. तो काठांवरून आणि दातातून जाईल तेवढाच आत पोहोचतो. शिवाय त्यातले रेझिन घट्ट होताना किंचित आकसते. राहिलेल्या फटीतून लाळ, जंतू आणि आम्ल शिरते.

यावर रेझिनमिश्रित ग्लास आयोनोमर हा चांगला तोडगा आहे. त्यात आम्ल आणि काचेची पूड यांची क्रिया अंधारातही चालू राहते. शिवाय ते दाताला रासायनिकरीत्या चिकटते आणि फ्लोराइड सोडते. काढलेल्या दातांवर बँड बसवून ते रंगात बुडवतात आणि चिरून गळती मोजतात. अशा काही चाचण्यांत साध्या ग्लास आयोनोमरपेक्षा प्रकाशाने घट्ट होणाऱ्या सिमेंटची गळती कमी दिसली. मात्र प्रयोगशाळेतल्या दाताला ना भाकरी चावायची असते, ना ऊस.

बीड जिल्ह्यातली हजारो कुटुंबे दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. अनेकांची मुलेही सोबत असतात. अशा मुलाच्या दातांना तार असेल, तर चार-सहा आठवड्यांची तपासणी चुकते. सैल बँड दुखत नाही, म्हणून कळत नाही. तार निघते तेव्हा खाली पांढरे डाग किंवा कीड सापडते. मराठवाड्यातले सरकारी दंत महाविद्यालय छत्रपती संभाजीनगरला. तिथे वारंवार जाणे मजुरी बुडवणारे.

म्हणून चांगल्या सिमेंटइतकीच तपासणीची सोय महत्त्वाची आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळांत मुलांचे दात पाहतातच. तार असलेल्या मुलांचे बँडही त्यांनी हलवून पाहावेत. सैल बँड जवळच्या सरकारी रुग्णालयात पुन्हा चिकटवून मिळावा. डॉक्टरांनीही हंगामाआधी पालकांना एवढे सांगावे: बँड हलला किंवा तिथे चव बदलली, तर दुखण्याची वाट पाहू नका.