बंदरापासून विमानतळापर्यंत

आमच्या जिल्ह्यांतून आतां समुद्रपर्यटनास जाणारीं कुटुंबें निघूं लागलीं आहेत, ही गोष्ट ज्यांस खरी वाटत नसेल त्यांनीं वर्ध्याच्या किंवा आर्वीच्या एखाद्या लग्नसमारंभांत घटकाभर कान देऊन बसावें. अशाच एका घरून आम्हांस विचारणा आली आहे. दोघे बंधु, त्यांच्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या मातोश्री, सुना व मुलेंबाळें मिळून अकरा माणसें मुंबईहून बोटीनें गोवा, कोची व लक्षद्वीप पाहून मुंबईसच परत येणार. बोट सकाळीं आठ वाजतां धक्क्यास लागावयाची. नागपूरच्या ज्या विमानावर त्यांची नजर आहे तें साडेअकराचें. मधले साडेतीन तास पुरतील कीं नाहीं, असा प्रश्न आहे. थोरले बंधु म्हणतात पुरत नाहींत, धाकटे म्हणतात उरतील. विमानाचीं तिकिटें अद्यापि काढलेलीं नाहींत, हें यांतल्या त्यांत सुदैव.

आमचें मत थोरल्या बंधूंच्या बाजूस पडतें.

आठ वाजतां बोट धक्क्यास लागते याचा अर्थ आठ वाजतां आपण रस्त्यावर उभे असतों असा नव्हे. बंदराचा पायलट बोट आंत आणतो, ती दोरखंडांनीं बांधली जाते, शिडी लागते, बंदराच्या अधिकाऱ्यांची अनुज्ञा मिळते आणि मग माणसें उतरूं लागतात. हजार-दीड हजार लोक एका शिडीवरून उतरावयाचे म्हणून त्यांच्या तुकड्या पाडलेल्या असतात. मोठें सामान बहुधा आदल्या रात्रींच खोलीबाहेर ठेवावें लागतें. त्यास रंगीत चिठ्ठ्या लावून खलाशी तें परस्पर खालीं उतरवितात, आणि सकाळीं टर्मिनलच्या दालनांत शेंकडों पेट्यांतून आपली पेटी ओळखून घ्यावी लागते. अकरा माणसांच्या पेट्या पंधरा धरल्या, तर चौदा सांपडतात आणि पंधराव्यासाठीं सारे खोळंबतात, हें एकत्र कुटुंबांत वाढलेल्यास सांगावयास नको. बोटीवरील खर्चाचा हिशेब मिटविणें असतेंच. बोट परदेशाहून आलेली असेल तर पारपत्राची आणि जकातीची तपासणी वर. (आमच्या पणजोबांच्या पिढीस समुद्रगमन कलिवर्ज्य होतें, परत आलेल्यास प्रायश्चित्ताची चिंता असे. आतांची चिंता जकातीची.)

या सर्वांतून सुटून मोटारींत बसावयास दहा वाजले तरी लवकर झालें असें समजावें. आतां उलटीकडून मोजा. साडेअकराचें विमान म्हणजे सामान घेणारी खिडकी साधारणतः एक तास आधीं, साडेदहासच, मिटते. विमानाचें दार सुटण्यापूर्वीं सुमारें पंचवीस मिनिटें बंद होतें. राहिला अर्धा तास, आणि बॅलार्ड पिअरपासून सहारचा विमानतळ पंचवीस किलोमीटरांच्या आसपास आहे. तीं अकरा तिकिटें बुडालीं तर नवीं त्या दिवसाच्या भावानें काढावीं लागतील, याचा हिशेब धाकट्या बंधूंनींच करावा.

ही अडचण केवळ मुंबईची नाहीं. आपल्याकडील कित्येकांचीं मुलें अमेरिकेंत आहेत व आईवडिलांस हौसेनें मायामीहून बोटीवर नेतात. तेथें बंदर आणि विमानतळ यांत पंधरा किलोमीटरहि अंतर नाहीं. तरीहि उतरण्याच्या दिवशीं दुपारपूर्वींचें विमान घेऊं नये, असा सल्ला तेथें सर्रास देतात. रोमची म्हणून सांगितलेली बोट तर रोमास लागतच नाहीं. ती चिव्हितावेक्कियास लागते, आणि तेथून शहर सत्तर किलोमीटर.

मुंबईपुरतें बोलावयाचें तर २०२५ सालानें आणखी दोन गोष्टी पालटल्या आहेत. एक चांगली. भुयारी मेट्रोची तिसरी मार्गिका ऑक्टोबर २०२५ मध्यें कफ परेडपासून आरेपर्यंत पूर्ण झाली. छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनसपाशीं तिचें स्थानक आहे, आणि विमानतळाच्या दोन्ही टर्मिनलांसाठीं निरनिराळीं स्थानकें आहेत. धक्क्यावरून टॅक्सीनें दहा मिनिटांत बोरीबंदर आणि तेथून पाऊण तासाच्या आसपास विमानतळ; वाटेंत कोंडी नाहीं. हात मोकळे असलेल्या तरुणांनीं याच मार्गानें जावें. पंधरा पेट्या व गुडघे दुखणाऱ्या मातोश्री घेऊन मात्र जाऊं नये.

दुसरी गोष्ट सावधगिरीची. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरूनहि विमानें उडूं लागलीं आहेत. तिकडे जावयाचें तर पूर्व मुक्तमार्गानें शिवडी गांठून २०२४ मध्यें खुल्या झालेल्या अटल सेतूवरून खाडी ओलांडावी लागते. तिकिटावर नुसतें 'मुंबई' पाहून समाधान मानूं नये. विमानतळ कोणता, आणि सहार-सांताक्रूझकडचा असल्यास टर्मिनल पहिलें कीं दुसरें, हें घरांतल्या दोघांनीं स्वतंत्रपणें वाचावें.

परंतु आमचा मुख्य मुद्दा निराळाच आहे. वर्धेकरानें त्या दिवशीं विमानतळाकडे वळावेंच कशासाठीं? विलायतेच्या टपालबोटी ज्या काळीं बॅलार्ड पिअरला लागत, त्या काळीं धक्क्यावरच रेल्वेचें स्थानक होतें. प्रवासी बोटीवरून उतरून समोर उभ्या असलेल्या गाडींत बसे. ती सोय आज राहिली नाहीं, परंतु बोरीबंदर तेथून दीड-दोन किलोमीटरांवर आहे. तेथून दुपारीं सेवाग्राम एक्स्प्रेस आणि संध्याकाळीं विदर्भ एक्स्प्रेस सुटते. साडेसातशें किलोमीटर निजून काढावे आणि दुसऱ्या दिवशीं उजाडतां उजाडतां आपल्या गांवीं उतरावें. विमानानें आकाशांत सव्वा-दीड तास जातो खरा. पण त्यामागें सहारपर्यंतचा तास, विमानतळावरील दोन तास आणि सोनेगांवाहून वर्ध्यापर्यंतचे सत्तर किलोमीटर हे जोडले म्हणजे धाकट्या बंधूंचा दिवस वांचतो तो किती, हें दिसून येईल. शिवाय गाडींत सामान तोलून पाहणारा कोणी नाहीं. बोटीवर वजनाची फारशी अडवणूक नसते, म्हणून गोव्याचे काजू आणि कोचीचे मसाले सढळ हातानें घेतले जातात. विमानाच्या खिडकीपाशीं प्रत्येकी पंधरा किलोंची मर्यादा आठवते. आणि सुकें खोबरें तर ज्वालाग्राही म्हणून विमानांत नेऊंच देत नाहींत.

मातोश्रींविषयीं दोन शब्द. औषधें, इन्शुलिनची पिशवी, चष्मा आणि एक लुगडें हीं आदल्या रात्रीं खोलीबाहेर ठेवावयाच्या पेटींत चुकूनहि जाऊं नयेत. तीं हातांतल्या पिशवींतच असावींत. चाकांची खुर्ची लागणार असेल तर बोटीवरील कचेरींत आदल्या दिवशींच सांगून ठेवावें, म्हणजे शिडीपाशीं उभें राहावें लागत नाहीं. तीन-चार दिवस पाण्यावर राहिल्यावर जमीनच डोलते आहे असा भास पुष्कळांस होतो. तो बहुधा एक-दोन दिवसांत जातो, पण वृद्ध माणसाचा तोल तेवढ्यांत जाऊं शकतो, म्हणून त्या दिवशीं जिन्यावर नि फलाटावर एकानें हात धरून चालावें. सकाळची न्याहारी बोटीवरच करावी. मधुमेह्यास उपाशीं रांगेंत उभें करणें हा निव्वळ निष्काळजीपणा होय.

विमानच हवें असेल तर संध्याकाळचें घ्यावें, किंवा एक रात्र मुंबईस नातलगांकडे काढावी. गाडीचें ठरल्यास बोरीबंदराच्या सामानघरांत पेट्या कुलपें लावून ठेवाव्या. तेथें कुलूप नसलेली पेटी घेत नाहींत, तेव्हां पंधराहि कुलपें घरूनच न्यावीं. मुलांस काळा घोड्याचें वस्तुसंग्रहालय दाखवावें, मातोश्रींस प्रतीक्षागृहांत पाय पसरून बसूं द्यावें, आणि सामानघराची पावती थोरल्या सूनबाईंच्या पर्समध्यें ठेवावी; पुरुषांच्या खिशांतून ती हमखास हरवते.